आठ मिलिमीटर रिकामी जागा

माझ्या काकाजींना रिकामी जागा बघवत नाही. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा तोल जाणार आहे.

बाभुळगावात आमच्या घराच्या आणि नालीच्या मधे दीड हात जागा होती, तिथं त्यांनी पानठेला बसवला. पानठेला आणि नालीच्या मधे वीतभर उरली, तिथं कढीपत्ता लावला. जिन्याखाली शेळी, शेळीच्या डोक्यावर फळी, फळीवर गेल्या सालचे कूलरचे पंखे. घर बांधताना मिस्त्रीनं अर्थिंगसाठी खड्डा खणला होता. त्यात कोळसा आणि मीठ भरून जमिनीत वायर सोडायची होती, म्हणजे कुठं करंट उतरलाच तर तो माणसातून न जाता मातीत जावा. दोन दिवस तो खड्डा काकाजींच्या डोळ्यांत खुपला. तिसऱ्या दिवशी त्यात संडासाची टाकी उतरली. घरातल्या प्रत्येक सॉकेटला तिसरं भोक आहे, आणि त्या भोकामागे काहीही नाही.

अशा माणसाच्या कारखान्यात मला काम मिळालं, ते नेमकं रिकामी जागा सोडायचं. आता बोला!

कारखाना म्हणजे घरामागचं टिनाचं शेड. मार्च ते जून तिथं कूलर बनतात. पत्रा वाकवायचा, जाळीत गवत भरायचं, पंखा आणि पंप लावायचा, वरून निळा रंग. मी यवतमाळला पॉलिटेक्निक करून पुण्याच्या एका कारखान्यात चार वर्षं तपासणी खात्यात होतो. पुण्याची खोली आणि पुण्याचं वरण दोन्ही मानवली नाहीत, परत आलो. काकाजी म्हणाले, "बरं झालं आला. आता गिऱ्हाईकाले बाजेवर पडल्या पडल्या कूलर लावाचा असते. तू रिमोटचं बोर्ड बनव. मी डब्बा आणतो."

बोर्डाची गोष्ट सांगण्याआधी कूलरला हात लावायची आमची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर बाहेरच्याला काही कळायचं नाही. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक कूलरजवळ रबरी चपलेचा एक जोड असतो. त्याला कूलरची चप्पल म्हणतात. ती पायात घालायची आणि मग पत्र्याला हात लावायचा, तोही उलटा. म्हणजे झटका बसला तर मूठ आवळून हात तिथंच चिकटत नाही, मागे फेकला जातो. नुसतं झिनझिन झालं तर घाबरायचं नाही, पिन काढून उलटी लावायची. घरात नवीन सून आली की तिला दोन गोष्टी पहिल्या दिवशी दाखवतात, मिठाचा डबा आणि कूलरची चप्पल. या व्यवस्थेत कूलर बनवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. एवढा मोठा उद्योग दोन रबरी पट्ट्यांवर उभा आहे, आणि त्याचा कुणाला रागही येत नाही. मला येतो.

आमच्या घरी मात्र कूलरची चप्पल नव्हती. कूलर ज्या खिडकीत बसतो ती खिडकी देवघराच्या खोलीत आहे. तिथं चप्पल घालून जायचा प्रश्नच नाही. काकू आंघोळ करून, पूजा आटोपून, ओल्या पायानं बादलीनं कूलर भरते. वीस वर्षं भरते आहे. जुना कूलर साधा होता, बटण लांब भिंतीवर होतं, म्हणून निभावलं.

बोर्डाचा पहिला नमुना मी टेबलावर मांडला तेव्हा चहा घेऊन काकूच आली. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका बाजूला दाटीवाटीनं सामान, दुसऱ्या बाजूलाही सामान, आणि मधे करंगळीएवढी मोकळी पट्टी.

"मधात कायले सोडलं रे हे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की या बाजूला भिंतीतला करंट येतो, माणूस मारणारा. त्या बाजूला फक्त पाच व्होल्ट, रिमोटचा डोळा आणि बटणं, जिथं तुझं बोट लागणार. ह्या दोघांची कधीच भेट होता कामा नये. म्हणून मधे आठ मिलिमीटर जागा, आणि जागेच्या मधोमध बोर्डाला आरपार चीर.

काकूनं चहाचा कप तिथंच ठेवला आणि विचार केला. मग म्हणाली, "म्हंजे पंगतीसारखंच."

"कसं?"

"माह्या बहिणीच्या पोरीच्या लग्नात, बोरी अरब गावाले, दोन व्याह्यायचं वावराच्या धुऱ्यावरून वाकडं होतं. मीच बसवले दोघं. इतके लांब, का एकानं वाटी फेकली त दुसऱ्याले लागू नये."

"बरोबर," मी म्हटलं. "ते झालं हवेतलं अंतर."

"पण फेकनच असं नाही ना. एखादा बसाच्या पट्टीवरून सरकत सरकत बी येते. याच्याशी बोल, त्याच्याशी बोल, अन् पोहोचला. ते अंतर वेगळं मोजा लागते."

पुण्यात हेच आम्हाला एका साहेबानं दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं होतं. करंट हवेतून उडी मारतो त्याचं अंतर निराळं, आणि पृष्ठभागावरून सरपटत येतो त्याचं निराळं. सरपटायला त्याला धूळ लागते, ओल लागते. दोन्ही मिळाली की तो रोज केसभर वाट जाळत पुढे येतो, आणि जळलेली वाट काळी पडून आणखी चांगली वाट होते.

"म्हनून मी मधात वाढप्यायची वाट ठेवली होती," काकू म्हणाली. "पट्टीच तोडली. सरकासाठी पट्टीच नाही त सरकन कशावर?"

"हीच ती चीर, काकू!"

"अन् हे मांडवात सकाळी पाहून जमत नाही. सकाळी दोघंबी गोड असते. संध्याकाळी पिऊन येतीन तवा काय होईन, ते पाहून जागा धरा लागते."

मी तिच्या पायाच पडायचा बाकी होतो. ह्या विषयातलं सगळं शहाणपण त्या शेवटच्या वाक्यात आहे. अंतर आजच्या दिवसासाठी नसतंच. कूलर जुना झालाय, आत धूळ साचलीय, लाइनीवर कुठंतरी वीज पडलीय आणि घरात तांत्रिक माणूस कुणी नाही, त्या दिवसासाठी ते असतं.

दोन दिवसांनी काकाजी नागपूरहून डब्बे घेऊन आले. एक दोन नाही, पोतंभर. माचिसच्या दोन पेट्या जोडल्यात इतके लहान, काळे, आणि बटणांभोवती सोनेरी धातूची कड. मला न विचारता आणलेले, आणि परत न घेण्याच्या बोलीवर आणलेले. माझा बोर्ड त्यात बसणं शक्यच नव्हतं. काकाजींनी बोर्ड हातात घेतला आणि त्यांची नजर नको तिथंच गेली.

"हे मधात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही, त मंग कापून टाक."

"काकाजी, ते काही नाही तेच कामाचं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पुण्याचं पाणी माझ्या डोक्यात गेलंय. "अबे, इतक्या जागेत माणूस चार वस्तू मांडते. अन् हे भोक? बोर्डाले भोक पाडून गिऱ्हाईकाले देतं का? कुरतडल्यासारखं दिसून राह्यलं."

मी समजावलं. म्हटलं, भोक नको तर नको, पण अंतर ठेवा. ते म्हणाले, अंतर नको, पाहिजे तर तुझी चीर ठेवतो, पण ब्लेडच्या पात्यानं, केसासारखी. मी म्हटलं, तेवढ्या बारीक चिरेत धूळ बसते आणि चीर नसल्यासारखीच होते, नियमसुद्धा ती मोजत नाही. नियम म्हटल्यावर ते हसले. मी म्हटलं, कूलर ओला असतो. ते म्हणाले, डब्बा कोरडा असते. मी म्हटलं, लाइनीवर वीज पडते. ते म्हणाले, "गिऱ्हाईक का कूलर ढगात ठेवते?"

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं. "दोन मिलिमीटर ठेव. अन् आत्ता मले करंट उडी मारून दाखव. मारली त तुहं खरं."

इथंच तर मेख आहे. नव्याकोऱ्या, कोरड्या, स्वच्छ बोर्डावर घरातला करंट दोन मिलिमीटर उडी मारत नाही. अर्धासुद्धा मारत नाही. काकाजींनी माझ्याकडून तसा एक कच्चा बोर्ड करवून घेतला, टेबलावर चार तास चालवला, वर चहा पीत बसले, आणि चार तासांनी विजयी मुद्रेनं उठले. मी चिडलो, ओरडलो, पेचकस आपटला, आणि मग सगळे बोर्ड दोन मिलिमीटरचेच काढायला तयार झालो. हे सगळं एकाच दिवसात.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. डब्यावर एक हिरवा कागद चिकटवायचा होता, "तपासले" असं छापलेला, खाली सही. ती काकाजींचीच हौस. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरची सही म्हटली की गिऱ्हाईक भारावतं म्हणे. मी सह्या केल्या. पहिला डब्बा काकाजींनी घरच्याच कूलरला लावला.

"इथं नको," मी म्हटलं.

"काहून? आपल्याच मालावर भरोसा नाही?"

माझीच सही होती. सोनेरी कडेचे स्क्रू थेट कूलरच्या पत्र्यात बसले. म्हणजे बटणाच्या बाजूला करंट पोहोचला की तो पत्र्यात, आणि पत्र्यातून जायला माणसाशिवाय घरात दुसरी वाटच नाही, कारण अर्थिंगवर टाकी आहे. रोज सकाळी पूजेनंतर ओल्या पायांनी त्या पत्र्याला हात लावणारी एकच व्यक्ती होती. रात्री जेवायला बसलो की काकू ताटात भाकर टाकायची आणि मी तिच्या पायांकडे बघायचो. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, कूलर भरताना चप्पल घालत जा."

"देवघरात?" ती म्हणाली, आणि हसली. "तुले पुण्यात हेच शिकोलं का?"

तिला चप्पल घाल म्हणणारा हा मीच, लोकांना कूलरजवळ चप्पल ठेवावी लागते म्हणून दोन पानांमागे संतापलेला.

त्या वर्षी काकाजींनी कापूस धरून ठेवला होता, भाव वाढेल म्हणून. कुठं ठेवला? घरात एक खोली रिकामी होती ना, देवघराला लागूनच. छतापर्यंत कापूस. दार उघडलं की तंतू उडायचे. अंगाला खाज, देवांच्या डोळ्यांवर कापूस, आणि कूलर हवा ओढणारच, त्याचं कामच ते. दीड महिना तो कापूस आणि कूलरची ओल त्या डब्यात जात राहिली. चार स्क्रू काढून आत बघायला मला पाच मिनिटं लागली असती. आज उघडू, उद्या उघडू करत राहिलो. खरं म्हणजे आत काय दिसेल याची भीती वाटत होती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लाइन गेली आणि नऊच्या सुमारास दणक्यात आली. मी शेडमध्ये होतो. घरातून बादली पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काकूचा आवाज आलाच नाही. पळत गेलो. ती देवघराच्या उंबऱ्यावर पडली होती, डोळे उघडे, सगळीकडे पाणी. मी आधी मेन स्विच पाडला. मला रडू येत होतं, आणि तोंडातून "काकू, काकू" एवढंच निघत होतं. खूप वेळानं ती म्हणाली, "उलटाच हात लावला होता रे." त्या सवयीनं ती वाचली. झटक्यानं मागे फेकली गेली, उंबऱ्यावर आपटली आणि उजवं मनगट मोडलं.

यवतमाळला नेऊन प्लास्टर घातलं. तिथपासून पुढचे चार दिवस जो भेटला त्यानं एकच प्रश्न विचारला. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं विचारला, शेजारणीनं विचारला, केळापूरहून देवीचा अंगारा घेऊन आलेल्या मावशीनं विचारला. "चप्पल नव्हती का घातली?" कूलरला कुणी काही विचारलं नाही. कूलरचं काही चुकतच नाही आमच्याकडे.

मी डब्बा उघडला. दोन मिलिमीटरच्या पट्टीवर कापसाचा ओला थर, आणि त्याखाली या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक काळी रेघ, केसासारखी. लाइन येताना जो धक्का आला त्यानं उरलेलं अंतर तोडलं होतं. मी तो बोर्ड काकाजींसमोर धरला. त्यांचा चेहरा उतरला होता, दोन दिवस ते धड जेवलेही नव्हते. मला वाटलं, चला, समजलं.

दुसऱ्या दिवशी ते चपलांची दोन पोती घेऊन आले.

"आता प्रत्येक कूलरसोबत एक जोड फुकट," त्यांनी जाहीर केलं. "अन् जे तीसेक कूलर गेले, त्यायच्या घरी तू आजच नेऊन दे. एकेका माणसाले समजावून सांग, का चप्पल घातल्याशिवाय हात लावू नका. आपल्या मनाले टोचणी नको."

पोती जिन्याखाली गेली, शेळीशेजारी. मी तोंड उघडलं, पण त्याआधी बाजेवरून काकू बोलली. ती काकाजींशी कधी आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"म्हंजे मी जन्मभराची रीत मोडून देवापुढं चप्पल घालून जाव. तीस घरच्या बायायनं चप्पल घालाव. पन तुमच्यानं बोटभर जागा सोडवत नाही?"

काकाजी बाहेर गेले, पानठेल्याजवळ जाऊन उभे राहिले, परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती पाहिजे म्हनत होता? आठ?"

"आठ."

"दहा घे. अन् ते डब्बे भंगारात टाक. मोठे आन."

मी खूश झालो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. शेवटी माझंच खरं ठरलं, असं तोंडावर दिसत असणार, कारण काकूनं मला जवळ बोलावलं. तिच्या उशाशी तो काळा डब्बा होता. मीच तिथं विसरलो होतो. तिनं डाव्या हातानं तो उचलला आणि हिरव्या कागदावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं?"

"तपासले."

"खाली सही कोनाची?"

"माही."

"तुले माहीत होतं ना हे असं होऊ शकते?"

"हो."

"पंगतीचं मी सांगतलं तवा लय खूश झाला होता. मंग सही काहून केली?"

"काकाजीले भेलो होतो, काकू."

तिनं डब्बा माझ्या हातात दिला. "मीबी भेतो त्यायले," ती म्हणाली. "पन मी कोनाच्या घरी कूलर नाही देत."

बाहेर काकाजी शेळीला हाकलून चपलांची पोती नीट लावत होते. मी तीस घरांची यादी काढली, काळे डब्बे काढून त्यांच्या जागी लावायला पेचकस आणि साधी भिंतीवरची बटणं पिशवीत भरली, आणि दुपारच्या गाडीनं बोरी अरबला निघालो. पहिल्याच घरी अंगणात एक म्हातारी बादली घेऊन कूलरकडे चालली होती. मला बघून म्हणाली, "थांब बापा, चप्पल घालून येतो."